पांढरी चार ते पांढरी दोन : एका हळुवार गाण्याचा प्रवास

ज्या भाषेतलं एक वाक्यही धड बोलता येत नाही, त्या भाषेतलं गाणं माणसाला तोंडपाठ कसं होतं? आणि एकट्यादुकट्याला नव्हे, लाखभर माणसांना एकदम?

हा प्रश्न आमच्या मावळात बऱ्याचदा निघतो. पावसाळ्यातल्या रविवारी पुणे–लोणावळा लोकलमध्ये गिटार घेऊन चढलेली पोरं वडगाव सुटलं की सुरू होतात, ती कान्हे, कामशेत, मळवली मागे पडेपर्यंत थांबत नाहीत. हिंदी झाली, मराठी झाली की एखादं संथ इंग्रजी गाणं निघतं. समोरच्या बाकावरचे आजोबा विचारतात, "अरे, याचा अर्थ काय?" पोरांना अर्थ अर्धामुर्धाच सांगता येतो, सूर मात्र एकाचाही हलत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर ब्राझीलमधल्या एका मैदानाची चित्रफीत दाखवतं. मंचावर एक गायक आणि एक गिटारवादक. गायक गप्प उभा आहे आणि समोरची अफाट गर्दी त्याचं गाणं पहिल्या ओळीपासून म्हणते आहे. गाणं इंग्रजी, गर्दी पोर्तुगीज बोलणारी.

त्या गाण्याचं नाव 'लव्ह ऑफ माय लाइफ'. ते रचणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी. हे गाणं घडलं कसं आणि लोकांनी ते आपलंसं का केलं, हे या प्रकरणात पाहू.

१. पाचगणीचा विद्यार्थी

फ्रेडीचं मूळ नाव फारोख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार. घराणं पारशी, वडील तिथल्या ब्रिटिश सरकारी नोकरीत. आठ-नऊ वर्षांच्या फारोखला आईवडिलांनी शिकायला पाठवलं ते थेट आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे राहायचा. 'फ्रेडी' हे नाव त्याला पाचगणीतच मिळालं.

शाळेतल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की या मुलाचा कान तयार आहे. आईवडिलांच्या परवानगीनं त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला. 1958 मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ते लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवत. नवल असं की मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर असायचा.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढे जगभर त्याचा गळा गाजला, पण त्याच्या गाण्याचा पाया पियानोवर, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर ऐकण्याच्या सवयीवर घातला गेला आणि तो इथे, सह्याद्रीच्या पठारावर घातला गेला. त्याच्या जीवनावरच्या 2018 च्या गाजलेल्या चित्रपटात पाचगणीला जवळजवळ जागाच नाही, याचं म्हणूनच वाईट वाटतं.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला. जानेवारी 1964 मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनमध्ये त्यानं ग्राफिक कलेचं शिक्षण घेतलं. 1970 मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह 'क्वीन' हा बँड उभा राहिला. वर्षभरात बेस गिटारसाठी जॉन डीकन आला.

२. सॉफ्ट रॉक म्हणजे काय?

रॉक म्हटलं की आपल्याला कानठळ्या बसवणारे ड्रम आठवतात. पण साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि विशेषतः सत्तरच्या दशकात, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये याच संगीताचा एक मवाळ प्रकार रुजला. वाद्यं तीच, आवाज खाली आणलेला, पियानो किंवा साधी गिटार पुढे, चाल गुणगुणता येईल अशी आणि विषय बहुधा प्रेमाचा किंवा विरहाचा. कॅरोल किंग, जेम्स टेलर, कार्पेंटर्स ही त्यातली ठळक नावं. यातल्या संथ, एकाच भावनेला धरून राहणाऱ्या गाण्याला बॅलड म्हणतात.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपलं भावगीत याच्या अगदी शेजारी बसतं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते, सुधा मल्होत्रा यांचे आवाज मिळून झालेलं 'शुक्रतारा' घ्या. तिथेही आवाज चढत नाही, एक भाव शेवटपर्यंत जपला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे आपल्यालाच उद्देशून आहे. पुढे 1998 मध्ये मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांच्या 'गारवा'मधून मराठी शब्द गिटारच्या सोबतीनं तरुण पिढीपर्यंत पोहोचले, तेव्हा हे दोन शेजारी आणखी जवळ आले.

मग फरक कुठे आहे? तो चालीच्या खाली आहे.

३. चालीच्या खालचे सूर

घरात पेटी असेल तर ती समोर घ्या. पांढरी एकला सा धरा. आता सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. मोकळा, समाधानी असा एक ध्वनी ऐकू येईल. असे एकदम वाजणारे तीन किंवा अधिक सूर म्हणजे कॉर्ड. आता ग सोडून त्याच्या लगतचा कोमल ग दाबा, सा आणि प तसेच राहू द्या. लगेच उदास छाया पडते. पहिली ती मेजर कॉर्ड, दुसरी मायनर. एका पट्टीचा फरक, आणि भाव बदलला.

पुढचा प्रयोग जास्त मजेचा आहे. तोंडानं फक्त सा लावून धरा. पेटीवर आधी सा-ग-प वाजवा, मग खालचा ध, सा, ग वाजवा, मग खालचे म, ध आणि सा. तुमचा सा जागचा हलला नाही, पण प्रत्येक वेळी तो वेगळा वाटला असेल. पहिल्यांदा घरी असल्यासारखा, दुसऱ्यांदा जरा हळवा, तिसऱ्यांदा कशाची तरी वाट पाहणारा.

भावगीतात भावनेचा भार मुख्यतः चालीवर, शब्दोच्चारावर आणि गळ्यातल्या हरकतींवर असतो. बॅलडमध्ये चाल पुष्कळदा साधी ठेवतात आणि तिच्याखालच्या कॉर्ड बदलत नेतात. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये निघून गेलेल्या प्रिय व्यक्तीला परत ये म्हणून विनवणी आहे. ही विनवणी तीव्र होते तिथे गायक ओरडत नाही, पण चालीखाली मायनर कॉर्ड येतात आणि काम त्या करतात. पाचगणीच्या पियानोवर पडलेली सवय ती हीच.

४. स्टुडिओत घडलेलं, स्टुडिओतच राहणारं

हे गाणं 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' या अल्बममधलं. निर्माते रॉय टॉमस बेकर आणि बँड स्वतः. ध्वनिमुद्रण 1975 च्या उन्हाळ्यात सुरू झालं, नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि त्याच महिन्यात अल्बम बाजारात आला.

त्या काळचं ध्वनिमुद्रण समजून घ्यायचं तर एक रुंद चुंबकीय फीत डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर शेजारीशेजारी चोवीस वाटा. प्रत्येक वाटेवर वेगळा आवाज, वेगळ्या वेळी घेता येतो. आधी पियानो घ्यायचा, मग तो कानात ऐकत दुसऱ्या वाटेवर गळा, तिसऱ्या वाटेवर पुन्हा तोच गळा वेगळ्या सुरांत. शेवटी सगळ्या वाटा एकत्र ऐकल्या की एकच माणूस स्वतःला साथ करतो आहे असं होतं. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये पियानो फ्रेडीचा, मुख्य आवाज त्याचा आणि मागे उठणारे सगळे आवाजही त्याचेच आहेत. सुरांची जुळणी इतकी नेमकी आहे की एका माणसानं हे कसं साधलं असेल याचा विस्मय आजही ओसरत नाही.

ब्रायन मे यानं या गाण्यात हार्प वाजवली. हार्प म्हणजे उभ्या चौकटीत ताणलेल्या तारांचं वाद्य. मोठ्या हार्पला 47 तारा असतात. मे गिटारवादक, हार्प त्याच्या हाताची नव्हे. म्हणून त्यानं एकेक कॉर्ड स्वतंत्र वाजवून मुद्रित केली आणि ते तुकडे जोडून पूर्ण साथ तयार केली. वाजवण्यापेक्षा वाद्य सुरात लावायलाच जास्त वेळ गेला, कारण स्टुडिओचं दार उघडलं की खोलीचं तापमान बदलायचं आणि तारा उतरायच्या. ताणलेली तार थंडी-उष्णतेनं आखडते किंवा सैलावते आणि ताण बदलला की सूर बदलतो. हिवाळी मैफलीत तंबोरा पुन्हा पुन्हा लावणाऱ्यांना हे सांगायला नको. हे सगळं करणारा मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता आणि बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्यानं पुढे 2007 मध्ये पूर्ण केली.

अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पण सगळं लक्ष त्यातल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'कडे होतं. ते गाणं तिथल्या यादीत सलग नऊ आठवडे अव्वल राहिलं. 'लव्ह ऑफ माय लाइफ'ची त्या वेळी स्वतंत्र तबकडीही निघाली नाही. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवरचं एक सुंदर गाणं, एवढीच त्याची ओळख.

५. तीन पट्ट्या खाली

आता अडचण पाहा. गाण्यात फ्रेडीचे अनेक आवाज, हार्प, पियानो, थरावर थर चढवलेली गिटार. मंचावर चार माणसं. हे तिथे कसं उभं करणार?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मे यानं यावर जो उपाय काढला, तो मला मूळ ध्वनिमुद्रणाइतकाच प्रतिभेचा वाटतो. त्यानं सगळं काढून टाकलं. पियानो नाही, हार्प नाही, ड्रम नाहीत, मागचे आवाज नाहीत. उरली एक बारा तारांची गिटार आणि एक गळा.

बारा तारांच्या गिटारीत सहा जोड्या असतात. वरच्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात, खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात. दोन तारा कितीही काळजीनं लावल्या तरी त्यांच्यात केसाएवढा फरक राहतोच. एक तार सेकंदाला 440 वेळा कंप पावते आहे आणि तिची जोडीदार 441 वेळा, असं धरा. मग दर सेकंदाला एकदा त्यांचे कंप एकमेकांना बळ देतात आणि एकदा एकमेकांना दाबतात. आवाज सेकंदाला एकदा फुलतो आणि मिटतो. असं सहाही जोड्यांत, वेगवेगळ्या गतीनं चालू असतं, म्हणून त्या गिटारीचा आवाज झिलमिल वाटतो. हार्प गेल्यावर जी उणीव राहिली असती, ती या झिलमिलीनं बरीचशी भरून काढली.

दुसरा बदल पट्टीचा. मूळ गाणं पाश्चात्त्य नावानं एफ मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी चार. मंचासाठी ते तीन पट्ट्या उतरवलं : पांढरी चारवरून पांढरी तीन, मग काळी दोन, मग पांढरी दोन. पांढरी दोन ही गिटारला सोयीची पट्टी आहे, कारण तिथे न दाबलेल्या मोकळ्या तारा भरपूर वापरता येतात आणि एकटं वाद्यही भरीव वाजतं. रात्रीमागून रात्री गाणाऱ्या गळ्यालाही ती सोसते. आणखी एक परिणाम झाला. पांढरी चारला वरचे सूर गाठायला कसलेला गळा लागतो. तीन पट्ट्या खाली आल्यावर समोरच्या सामान्य श्रोत्यालाही तिथवर पोहोचता येऊ लागलं.

श्रोते पोहोचलेही. फ्रेडीच्या लक्षात आलं की लोक नुसते ऐकत नाहीत, म्हणत आहेत. मग तो मध्येच थांबून ओळ त्यांच्याकडे सोपवू लागला. 22 जून 1979 रोजी 'लाइव्ह किलर्स' हा त्या वर्षीच्या युरोप दौऱ्यातल्या कार्यक्रमांचा दुहेरी अल्बम निघाला. त्यात हे गाणं गर्दीच्या आवाजासह आहे. त्याची तबकडी इंग्लंडमध्ये 63 व्या क्रमांकापुढे गेली नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये मात्र तिनं घरं काबीज केली.

६. गर्दी बेसूर का होत नाही?

कान्हे परिसरातल्या कुठल्याही गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनाला बसा. बुवा अभंगाचं एक चरण घेतात, ते अर्ध्यावर सोडतात आणि टाळकरी उरलेलं उचलतात. कुणी खूण करत नाही, कुणी कागद धरत नाही. फ्रेडी मैदानात जे करत होता ते याच जातीचं होतं. आणि इथेच आपल्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. हरिपाठ म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला त्यातलं तत्त्वज्ञान कळलेलं नसतं. त्यानं तो कानानं घेतलेला असतो, ऐकत आणि म्हणत. इंग्रजी न येणाऱ्या ब्राझीलच्या श्रोत्यांनीही शब्द असेच घेतले. या गाण्यात ओळी लहान आहेत, स्वर लांबवलेले आहेत आणि पहिला शब्द चुकला तरी दुसरा पकडायला सवड आहे. घाईच्या गाण्यात ही सवड मिळत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

गर्दीतला प्रत्येक माणूस सुरेल नसतो. समजा गाठायचा सूर 440 कंपनांचा आहे. एक जण 435 वर गातो, दुसरा 440 वर, तिसरा 445 वर. तिघांची सरासरी 440. तिघं असताना चुका वेगळ्या ऐकू येतील, पण हजारो आवाज झाले की कान एकेकटा आवाज निवडू शकत नाही. वर सरकलेले आणि खाली उतरलेले मिळून एक जाडसर सूर बनतो आणि त्याचा मध्य बरोबर जागी पडतो. म्हणून एकेकटे कच्चे गाणारेही एकत्र आले की सुरेल वाटतात.

लयीचं गणित जरा अवघड आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला मंचाजवळचा आवाज साधारण 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. गाण्यात मिनिटाला 120 ठोके असतील तर दोन ठोक्यांतलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे मागचा माणूस अर्ध्या ठोक्याहूनही जास्त मागे पडला आणि सगळ्यांचं मिळून गोंधळ. ठोके मिनिटाला 60 असतील तर तीच 0.3 सेकंदांची ढिलाई तिसऱ्या हिश्शाहून कमी भरते आणि लांबवलेल्या स्वरात मुरून जाते. शिवाय ड्रम नसल्यामुळे लय घट्ट बांधलेली नाही. एकटा गिटारवादक गर्दीची वाट पाहू शकतो, ओळ संपेपर्यंत थांबू शकतो. वेगवान गाणं एवढ्या मोठ्या मैदानात लोक टाळ्यांवर तोलतात. गळ्यावर तोलायचं तर असंच संथ, सैल बांधणीचं गाणं लागतं.

म्हणजे गाणं मंचावर उभं राहावं म्हणून जे जे कमी केलं, त्या प्रत्येक कमी करण्यानं लोकांना आत शिरायला वाट मिळाली. ड्रम गेले तिथे सवड आली, पट्टी उतरली तिथे सामान्य गळा आला आणि फ्रेडीचे मागचे आवाज गेले तिथे हजारो आवाज आले.

७. साओ पावलो, रिओ

फेब्रुवारी 1981 च्या अखेरीस क्वीननं ब्यूनस आयर्सच्या मैदानात दक्षिण अमेरिकेतला पहिला कार्यक्रम केला. मार्चमध्ये साओ पावलोच्या मोरुंबी मैदानात लागोपाठ दोन रात्री मिळून सुमारे 2,51,000 लोक आले. तोवर एवढ्या मोठ्या मैदानांत तिकडे जाऊन गाणारे इंग्रजी बँड जवळजवळ नव्हतेच. बँडला वाटलं होतं, लोक बघायला येतील. लोक गायला आले होते.

त्या वेळी अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही देशांत लष्करी राजवट होती. लाखभर माणसांनी एके ठिकाणी जमणं ही तिथे साधी गोष्ट नव्हती. जानेवारी 1985 मध्ये पहिला 'रॉक इन रिओ' महोत्सव झाला. क्वीननं दोन रात्री कार्यक्रम केले आणि प्रत्येक रात्रीची गर्दी अडीच लाखांच्या घरात होती असं सांगतात. याच महोत्सवाच्या दिवसांत, 15 जानेवारीला, एकवीस वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर ब्राझीलमध्ये नागरी अध्यक्षाची निवड झाली. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे राजकीय गाणं मुळीच नाही. एका माणसानं एका माणसाला घातलेली साद आहे. पण त्या रात्रींच्या चित्रफिती पाहताना मला राहून राहून वाटतं की त्या गर्दीला कशानं तरी एकत्र बांधलं जायचं होतं आणि हे गाणं त्यांना त्या कामी आलं. लोकलमध्ये मोबाइलवर फिरणारी चित्रफीत याच रिओची.

फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 रोजी गेला. तेव्हापासून ब्रायन मे हे गाणं बहुतेक दौऱ्यांत एकटा, बारा तारांची गिटार घेऊन, मंचाच्या पुढच्या टोकाला बसून गातो. गळा त्याचा, पण बहुतेक ओळी लोकांच्या. 2015 मध्ये तो ते घेऊन पुन्हा रिओला गेला. 1985 साली जन्मलेलीही नव्हती अशी मुलं त्या गर्दीत होती आणि त्यांनाही ते पाठ होतं.

गिटार शिकणारी मुलं हे गाणं उचलतात ते बहुधा मे यानं मंचासाठी केलेल्या मांडणीतून, पांढरी दोनमध्ये. मूळ ध्वनिमुद्रण त्यांतल्या कित्येकांनी नंतर ऐकलेलं असतं आणि त्यातली हार्प ऐकून ती चकित होतात. दोन्ही रूपं एका बैठकीत ऐकायची असतील तर आधी 1975 चं ऐका, मग 1979 चं, आणि दुसऱ्यात फ्रेडी कुठल्या ओळीवर गप्प होतो तिकडे कान ठेवा.